लाल वहीतलं खोडलेलं नाव

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. आरमोरीला आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. पण खरी भिंगरी लागली ती चांद्याजवळच्या कोळशाच्या खाणीत, आणि लावली ती एका लाल वहीनं. आज सत्तरी उलटून गेली, तरी कुठल्या ऑफिसात कुणी रजिस्टर उघडून "नाव सांगा" म्हटलं की मी खुर्चीवरून उठते. भाची चिडते, "मावशी, बस ना गं जरा!" बसते. पुन्हा उठते.

इथे मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. नावांची उलथापालथ एकदा करून चुकले आहे, तेवढी पुरे.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि गडचिरोली चांद्यात होती. नागपूरला नर्सचं शिकून मी खाणीच्या दवाखान्यात लागले. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक लोखंडी खाट आणि टिंक्चरच्या बाटल्या. डॉक्टर चांद्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकीचे दिवस मी आणि कंपाउंडर. मग कंपाउंडर लग्नाला म्हणून गावी गेला तो गेलाच. सासऱ्यानं दुकानात बसवला म्हणे. मोठा शहाणा! त्याची कात्री, त्याचं स्टूल आणि त्याची लाल वही माझ्या गळ्यात पडली.

लाल वही म्हणजे अपघातांचं रजिस्टर. खाणीत कुणाला काय लागलं ते त्यात लिहायचं. तारीख, पाळी, बिल्ल्याचा नंबर, नाव, बापाचं नाव, अंगाला कुठे लागलं, कसं लागलं, साक्षीला कोण होतं, परत कामावर कधी आला. दुखापत मोठी असली की त्या वहीवरून कागद तयार होऊन वर जायचा, आणि मग इन्स्पेक्टर यायचा.

आमच्या मॅनेजरसाहेबांना इन्स्पेक्टर नको असायचा. त्यासाठी त्यांची एक युक्ती होती. ज्याला उठून चालता येतं अशा जखमी माणसाला दिवाघरात आणून बसवायचं. खाली उतरताना मजुरांना जिथे दिवे मिळतात ती ही खोली. पायाला नाहीतर डोक्याला फडकं बांधलेले दोन-तीन जण तिथे कायम दिव्यांच्या काचा पुसत बसलेले असायचे. हजेरी लागली की माणूस कामावर, आणि माणूस कामावर म्हणजे लागलं ते किरकोळ. मीही "किरकोळ" लिहायचे. सुरुवातीला भांडले. साहेब म्हणाले, "बाई, त्याची रोजी बुडत नाही, तुमचं काय जातं?" मला राग तेवढा आला. मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायला लागले ती तेव्हापासून.

खाणीत माणूस नावानं ओळखला जायचाच नाही. बिल्ल्यानं ओळखला जायचा. पितळेचा गोल बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. उतरताना दिवाघराच्या खिडकीत बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा, वर आलं की दिवा देऊन बिल्ला परत. खुंटीवर बिल्ला लटकतोय ना, मग तो माणूस खाली आहे. तोंड कोण बघतो!

आणि आमची माणसं सगळी धानाच्या मुलखातली. मूल, सिंदेवाही, नागभीडकडची. आषाढात बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, पाणी साचलं की त्यांचं चित्त काही कोळशात राहायचं नाही. रोवणीला, भाताच्या लावणीला, घरी गेलंच पाहिजे. रजा मागावी तर नाव कापलं जायचं. मग घरातला दुसरा कुणीतरी यायचा, आणि भावाचा बिल्ला घेऊन भावाच्या नावावर खाली उतरायचा. कधी साळा यायचा, कधी चुलतभाऊ. मुकादमाला ठाऊक, दिवेवाल्याला ठाऊक, मलाही ठाऊक. यात काही चोरी आहे हे कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. बैलजोडी घराची, तसा बिल्ला घराचा. ज्याला सवड तो जाईल.

अशाच एका रोवणीच्या दिवसांत, भर दुपारी, दवाखान्याच्या दारात खाट आली. चौघांनी धरलेली, मागे मुकादम धावत. खाटेवर पंचविशीचा एक जण. कोळशाचा भरलेला डब्बा रुळावरून उलटा सरकला होता आणि लाकडाचा खांब आणि डब्बा यांच्यामध्ये त्याचा डावा हात सापडला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. त्याचं जास्त वर्णन करत नाही. मी बांधलं, सुई टोचली, आणि ओरडले, "गाडी लावा! चांद्याला न्या याला!"

गाडी दारात घरघरत उभी होती. पण साहेबांचा नियम होता, आधी वही, मग गाडी. ड्रायव्हर वहीवर सही करून घेतल्याशिवाय हलायचा नाही. मी एका हातानं त्याचं मनगट वर धरलेलं, दुसऱ्या हातात टाक. "नाव सांग रे, लवकर सांग!"

त्यानं नाव सांगितलं. मी लिहिलं. तोच मुकादमाचा हात वहीवर पडला.

"नाई बाई, नाई! ते त्याच्या लहान भावाचं नाव हाये. बेहोशीत भावाचं नाव घेऊन राह्यला तो. हा मोठा होय, बिल्ला पाहा नं तुमी!"

बेहोश माणूस स्वतःचं नाव विसरतो आणि भावाचं तेवढं लक्षात ठेवतो, असं कधी ऐकलंय कुणी? खाटेवरच्यानं डोळे उघडले, मुकादमाकडे पाहिलं, आणि दात आवळून दुसरं नाव सांगितलं. मोठ्या भावाचं. मला कळलं. खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी कळलं. पण पट्टीतून रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळत होतं, गाडी घरघरत होती, आणि मला ती गाडी हलायला हवी होती. मी पहिलं नाव खोडलं आणि मुकादमानं सांगितलेलं लिहिलं. गाडी गेली.

चौथ्या दिवशी मोठा भाऊ आला. गावाहून आलेला तसाच, पोटऱ्यांवर बांधीचा चिखल वाळलेला. भावापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा असेल, नाकडोळे तेच. टेबलासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. दहाच्या दहा बोटं धड.

"बाई, तुमच्या वहीत म्हणते माहा हात कटला."

माझं पित्तच खवळलं. "मग इथे कशाला आलास? आणि हे धंदे तुम्हाला करायला सांगितले कुणी? रोवणी, रोवणी! दोन आठवडे रोवणी थांबली असती तर आभाळ कोसळणार होतं का?"

"थांबत नाई जी रोवणी," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला, त्यानं मी आणखीच भडकले.

"मी खरं लिहिते. आत्ताच लिहिते." मी वही ओढली.

त्यानं वही हिसकली नाही. नुसता तळवा त्या पानावर ठेवला. "लिवा. तुमी तं शिकलेल्या. पण मंग मले सांगा, माह्या भावाचं काय होते?"

मी टाक हातात घेऊन उभी राहिले. काय होणार ते त्याला माझ्याइतकंच कळत होतं. साहेब म्हणणार, हा आमचा माणूसच नाही, दुसऱ्याच्या बिल्ल्यावर चोरून उतरला. ना दवाखाना, ना भरपाई, ना पुढे दिवाघरात जागा. मोठ्याचा बिल्ला जप्त होणार. मुकादम जाणार तो वेगळाच.

"खरं लिवलं तं आमी दोघंबी जातो," तो म्हणाला. "असंच राहू द्याल तं एक तरी राह्यते."

"आणि तू? तुझं काम गेलं की!"

"मले दोन हात हायेत नं बाई. त्याले बांधीत आता काई काम नाई." त्यानं डावी मूठ पुढे केली. "परे कायच्यानं धरन तो?"

मी धानाच्या मुलखातलीच. मला समजावून सांगायची गरज नव्हती. रोवणी करताना डाव्या हातात परांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी धरायची आणि उजव्यानं एकेक काडी चिखलात रोवायची. कापणीला डाव्या मुठीत धान धरायचं, उजव्या हातात विळा. डावा हात गेलेल्या माणसाला बांधावर बसून कावळे हाकलण्यापलीकडे काय उरतं? घरी धाकट्याची नवी बायको होती, लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं.

"माहं नाव वापरलं त्यानं," मोठा भाऊ म्हणाला, "आता त्यालेच राहू द्या."

मी वही मिटली. टेबलाला दोन फेऱ्या घातल्या, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. तो दारात उभाच होता. शेवटी मी म्हटलं, "जा, बस पकड." तो गेला आणि पुन्हा खाणीवर कधी दिसला नाही.

मंगळवारी डॉक्टर परत निघाले तेव्हा त्यांच्या गाडीतून मी चांद्याला गेले. धाकटा हॉस्पिटलात भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचा अंगठा आणि दोन बोटं काढून टाकली होती. मी त्याला सगळं सांगितलं. आता तू मोठ्या भावाच्या नावानं राहायचं, कुणी हाक मारली तर त्याच नावाला ओ द्यायची, इन्स्पेक्टर आला तर तेच सांगायचं. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग माहं नाव?"

"वर्ष-दोन वर्षं," मी म्हटलं. "साहेब बदलतील. ही वही संपेल, नवी येईल. नव्या वहीत मी तुझं नाव घालीन. गुपचूप घालीन, कुणाला पत्ता लागणार नाही. शब्द देते."

किती सहज म्हणून गेले मी! त्यानं विश्वास ठेवला आणि भिंतीकडचं तोंड वळवलं.

इन्स्पेक्टर आला महिन्याभरानं. उंच, अबोल माणूस. मला वाटलं होतं वरवर पाहून जाईल, पण त्यानं बोट ठेवलं ते नेमकं खोडलेल्या नावावर.

"हे काय आहे?"

साहेब माझ्याकडे बघत होते, मुकादम छताकडे. "तो वेदनेत होता. धाकट्या भावाचं नाव घेत होता, मी तेच लिहून बसले."

"भाऊ किती याला?"

"एकच. हाच, धाकटा."

त्यानं ते आपल्या कागदावर उतरवून घेतलं. मग पगारपत्रक मागवलं. त्यावर महिन्यामहिन्याला बिल्लेवाल्याच्या डाव्या अंगठ्याचे ठसे होते. "याचा ठसा घ्या, जुळवून बघू."

हॉस्पिटलातून परतलेल्या धाकट्यानं पट्टी बांधलेला डावा हात वर केला. त्यात अंगठा होता कुठे? इन्स्पेक्टर जरा वेळ त्या हाताकडे पाहत राहिला, मग त्यानं शाईची डबी बंद केली. "यापुढे उजव्याचा घ्या," म्हणाला. अशी सुटका झाली आमची. सुटका म्हणायची लाज वाटते.

धाकट्याला दिवाघरात कायमची जागा मिळाली. मी येता-जाता त्याला पाहायची. मांडीत दिवा धरून उजव्या हातानं काच पुसायचा. पहिले काही महिने दिवेवाल्यानं हाक मारली की त्याला दोनदा मारावी लागायची. मग एकदा वर मान न करता लगेच "ओ" म्हणाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्याच्याहून वाईट हाल बायकोचे. त्यानं तिला मजुरांच्या लाइनीत राहायला आणलं. गावी असताना ती भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर तोंडावर ओढून उभी राहायची, त्याचं नाव तोंडातून काढायची नाही, त्याच्या सावलीतून जायची नाही. आणि इथे नळावरच्या बायका तिला त्याच भासऱ्याची बायको म्हणून हाक मारत होत्या. बिचारी कानापर्यंत लाल व्हायची. दवाखान्यात गोळी मागायच्या निमित्तानं यायची आणि हळूच विचारायची, "बाई, वही सरली का जी?"

"सरेल गं. थोडी पानं उरलीत."

पानं सरली. नवी वही आली. पण साहेब तेच होते, मी म्हटलं, जरा थांबू. मग साहेब बदलले, तर नवे त्यांच्याही वरताण. आल्या आल्या दिवाघरात जाऊन बसलेल्या माणसांची मोजदाद केली, आणि त्यातल्या दोघांना "यांचे जुने कागद दाखवा" म्हणून घरी पाठवलं. मी पुन्हा थांबले. रोज सकाळी ठरवायची, आज काहीतरी करते. दिवाघरापर्यंत जायची, परत यायची. माझ्या चपला झिजल्या आणि काम काही झालं नाही. भित्री म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. त्याची बायको तिसऱ्या वर्षीही विचारत होती. तिच्या कडेवर तोवर पोरगी आली होती, आणि तिच्या जन्माच्या नोंदीत बापाचं नाव म्हणून मीच भासऱ्याचं नाव लिहिलं होतं. ती नोंद केली तेव्हाही म्हटलं, हेही पुढे बदलू.

तिसऱ्या वर्षाच्या कापणीत एका सकाळी गावाकडचा माणूस सायकलवर आला. मोठ्या भावाला पान लागलं होतं. आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. दोन्ही घरचं धान तो एकटा कापत होता. विळा घातला त्या बुंध्याशीच होता म्हणे. घरी आणेपर्यंत गेला. शेतात लागलेल्याची वही कुणी ठेवत नाही, त्यामुळे कुठे लागलं, कसं लागलं, साक्षीला कोण होतं, हे कुणी विचारलंही नाही.

धाकटा धावत दवाखान्यात आला. मागे बायको, पोरीला कडेवर आणि गाठोडं काखेत घेऊन. "बाई, अर्ज लिवून द्या. दोनच्या गाडीनं जाऊ तं उजेड हाये तोवर पोचू. थांबून हायेत तिकडं सारे. त्याचा पोरगा लहान हाये, अग्नी मलेच द्या लागते."

अग्नी आणि पुढचे दिवस मिळून दोन आठवड्यांची रजा हवी. न सांगता गेला तर नवे साहेब त्याच दिवशी नाव कापतील, ते टपूनच बसले होते. मी कागद ओढला, भराभर लिहायला लागले, "माझा भाऊ" इथपर्यंत आले आणि थांबले.

रजेच्या अर्जावर मेलेल्याचं नातं आणि नाव लिहायचं, असा नव्या साहेबांचा हुकूम होता. क्लार्क जुन्या कागदांशी ताडून बघायचा. आणि जुन्या कागदावर काय होतं? याला एकच भाऊ, धाकटा. मीच सांगितलं होतं, इन्स्पेक्टरनं उतरवून घेतलं होतं. समोर जो उभा होता तो कागदावर मोठा होता. मेला होता तो त्याचा धाकटा भाऊ असायला हवा होता.

मी टाक खाली ठेवला. उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. "चल, साहेबांकडे जाऊ," मी म्हटलं. "खरं सांगू. मी सांगते. चूक माझी आहे, टाक माझ्या हातात होता."

"आन मंग?" तो म्हणाला. "ही जागा गेली तं दोन घरं कोन पाहीन? आता तं त्याचेबी लेकरं मलेच पाहा लागते. गाडी जाईन बाई. लिवा."

"अरे, पण कुणाचं नाव लिहू मी?"

त्यानं सांगितलं. हळूहळू, एकेक अक्षर सोडवून, आधी स्वतःचं, मग बापाचं. खाटेवर पडल्या पडल्या पहिल्यांदा सांगितलं होतं तेच नाव. या खेपेला वहीवर कुणाचा हात पडला नाही. मी सबंध नाव लिहिलं, काही खोडलं नाही.

"वाचून दाखवा."

"नको रे."

"वाचा जी."

मी वाचलं. माझा धाकटा भाऊ, नाव अमुक, बापाचं नाव अमुक, राहणार अमुक, कापणी करताना साप चावून मरण पावला, तरी मला रजा मिळावी. दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं आपल्या नवऱ्याचं नाव त्या खाणीवर पहिल्यांदा मोठ्यानं ऐकलं, ते असं.

त्यानं उजवा अंगठा शाईत बुडवून कागदावर ठेवला. फडक्याला पुसला. दारापाशी गेला आणि मागे वळला.

"बाई, नव्या वहीचं आता राहू द्या."

मी मान हलवली. ते दोघं गाडीच्या दिशेनं निघाले. तो पुढे, ती मागे. पोरीला तिनं एका हातानं धरलं होतं, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत गळ्यातले काळे मणी घट्ट धरून ठेवले होते.